राष्ट्रीय पुरस्काराचं वर्ष सेन्सॉरच्या तारखेवरून ठरतं

प्रश्न थोडक्यात असा: १ ऑगस्ट २०२५ ला ७१ वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले, मराठीला त्यात बरंच काही मिळालं, पण त्यातला एकही चित्रपट २०२५ चा नव्हता. मग वर्ष कोणतं धरतात? निवड कोण करतं? आणि पुरस्कार मिळून चित्रपटाच्या पदरात नक्की काय पडतं? विचारणाऱ्यांचा स्वतःचा पहिला चित्रपट एडिटवर आहे. तेव्हा प्रश्नामागचा प्रश्न कळतोच.

मी पोस्ट-प्रॉडक्शनवाला. एडिट लॉक झाल्यापासून डीसीपी (थिएटरला द्यायची चित्रपटाची डिजिटल कॉपी) हातात पडेपर्यंतची सगळी धावपळ माझ्याकडे असते. पुरस्कारांच्या प्रवेशिका भरणं, सबटायटल तपासणं, कॉपी पोहोचवणं ही कामंही ओघाने माझ्याच गळ्यात येतात. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूने येईल. समीक्षकाला विचारलंत तर तो वेगळं सांगेल, आणि तेही चूक नसेल.

सगळ्यात आधी वर्षाचा घोळ. राष्ट्रीय पुरस्कारासाठी प्रदर्शनाची तारीख बघत नाहीत, सेन्सॉर सर्टिफिकेटची तारीख बघतात. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात ज्याला प्रमाणपत्र मिळालं, तो त्या वर्षाचा चित्रपट. ७१ वे पुरस्कार २०२३ सालचे, म्हणजे २०२३ मध्ये सेन्सॉर झालेल्या चित्रपटांचे. चित्रपट थिएटरला कधी लागला, लागला की नाही, किती आठवडे चालला, याच्याशी स्पर्धेचं देणंघेणं नाही. फिल्मफेअरसारख्या पुरस्कारांची सवय असलेल्यांना हे पटकन पचत नाही, कारण तिथे चित्रपट लोकांनी बघितलेला असतो.

उदाहरणं बघा म्हणजे लक्षात येईल. 'वाळवी' १३ जानेवारी २०२३ ला प्रदर्शित झाला, पण सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार त्याला मिळाला तो ७० व्या, म्हणजे २०२२ सालच्या यादीत. 'एकदा काय झालं' ऑगस्ट २०२२ मध्ये लागला आणि पुरस्कार मिळाला २०२१ साठी. 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ ला आला, तो २०१३ च्या ६१ व्या पुरस्कारांत होता. यात कुणी काही लबाडी केलेली नाही. डिसेंबर संपायच्या आत सेन्सॉर करून घ्यायचं आणि नव्या वर्षात रिलीज करायचं, हा आपल्याकडचा जुना रिवाज आहे. डिसेंबरच्या शेवटच्या पंधरवड्यात मिक्सिंग थिएटरची (आवाजाचं अंतिम मिश्रण होतं त्या स्टुडिओची) तारीख मिळवून बघा, मग कळेल किती जण त्याच घाईत असतात.

याचा एक मजेशीर परिणाम म्हणजे 'सैराट'. लोक अजून विचारतात, एवढा मोठा चित्रपट आणि राष्ट्रीय पुरस्कारात फक्त रिंकू राजगुरूला विशेष उल्लेख? तर ६३ वे पुरस्कार जाहीर झाले २८ मार्च २०१६ ला आणि 'सैराट' लागला २९ एप्रिलला. ज्युरीने तो बघितला तेव्हा थिएटरात नाचणारी पोरं नव्हती, आकडे नव्हते, गावोगावचे खेळ नव्हते. त्यांच्यासमोर इतर अनेक चित्रपटांसारखाच तो एक चित्रपट होता. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला 'रिंगण', आणि 'रिंगण' प्रेक्षकांपर्यंत पोहोचला जून २०१७ च्या शेवटी. आता यात ज्युरी चुकली की बरोबर, यावर वाद घाला हवा तेवढा, पण 'लोकांनी डोक्यावर घेतला तरी' हे वाक्य त्या वादात बसत नाही. लोकांनी तो अजून पाहिलाच नव्हता.

निवड कशी होते? फीचर फिल्मसाठी, म्हणजे पूर्ण लांबीच्या कथापटांसाठी, दोन पातळ्या आहेत. आधी पाच प्रादेशिक समित्या: उत्तर, पश्चिम, पूर्व आणि दक्षिणेच्या दोन. मराठी चित्रपट पश्चिम विभागात जातात. या समित्या आलेल्या प्रवेशिका बघून शिफारशी करतात आणि मग अकरा जणांची केंद्रीय समिती अंतिम निर्णय घेते. प्रादेशिक समित्यांचे अध्यक्ष या अकरात असतात, म्हणजे तुमच्या चित्रपटाची बाजू माहीत असलेला निदान एक माणूस तिथे बसलेला असतो. ही दोन पातळ्यांची रचना ५७ व्या पुरस्कारांपासून आली. त्याआधी एकाच समितीला सगळ्या भाषांचे सगळे चित्रपट बघावे लागत. नॉन-फीचर आणि सिनेमाविषयक लेखन यांच्या समित्या वेगळ्या असतात. ७१ व्या वेळी फीचर विभागाचे अध्यक्ष आशुतोष गोवारीकर होते, ५९ व्या वेळी रोहिणी हट्टंगडी.

म्हणजे बोलून चालून हा अकरा माणसांचा कौल आहे. ऑस्करसारखं हजारो सभासदांचं मतदान इथे नाही. त्याचे फायदे आहेत. प्रचाराला पैसे लागत नाहीत, जाहिरातबाजी चालत नाही, कोल्हापूरच्या एखाद्या निर्मात्याचा पहिला चित्रपट शंभर कोटींच्या चित्रपटाच्या शेजारी बसतो आणि त्याला मात देतो. तोटा हा की अकरा माणसं बदलली की आवड बदलते. समिती सरकार नेमतं, त्यामुळे आरोपही त्याच दिशेने होतात. २०१७ मध्ये प्रियदर्शन अध्यक्ष असताना अक्षय कुमारला 'रुस्तम'साठी पुरस्कार मिळाला तेव्हा त्या दोघांनी केलेल्या एकत्र कामाची यादी सगळ्यांनी वाचून दाखवली. ७१ व्या वेळी 'द केरला स्टोरी'च्या दिग्दर्शनाला पुरस्कार मिळाल्यावर केरळच्या मुख्यमंत्र्यांनी जाहीर निषेध केला. माझं मत विचाराल तर ज्युरीची नावं बघूनच निकाल वाचावा. एकाच वर्षाचा निकाल म्हणजे भारतीय सिनेमाची गुणपत्रिका नव्हे. दहा वर्षांचे निकाल एकत्र ठेवले तर मात्र काहीतरी दिसू लागतं.

तसे ठेवल्यावर मराठीचं काय दिसतं? देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मराठीला पाच वेळा. पहिल्याच वर्षी, १९५४ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. मग थेट ५१ व्या पुरस्कारांत संदीप सावंत यांचा 'श्वास'. मधली पन्नास वर्षं कोरडी. आणि त्यानंतर उमेश कुलकर्णींचा 'देऊळ' (ब्यारी भाषेतल्या 'ब्यारी'सोबत विभागून), चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट', सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकरांचा 'कासव', हे तिन्ही ५९ ते ६४ या सहा वर्षांत. एवढ्या थोड्या काळात तीन सुवर्णकमळं म्हणजे गंमत नव्हे.

इथे एक गोष्ट अनेकांना गोंधळात टाकते. देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट मराठी असला तरी 'सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट' तोच नसतो. 'कोर्ट'च्या वर्षी मराठीचा पुरस्कार 'किल्ला'ला गेला, 'देऊळ'च्या वर्षी 'शाळा'ला, 'कासव'च्या वर्षी 'दशक्रिया'ला. वरची जागा मिळाली की भाषेची जागा दुसऱ्याला मोकळी होते. त्यामुळे चांगल्या वर्षी मराठीचा आकडा फुगतो, आणि तो फुगणं योग्यच आहे.

पण मराठीची खरी कमाई या पाच सुवर्णकमळांपेक्षा बाजूच्या विभागांत होती. पदार्पणातल्या दिग्दर्शकाचा पुरस्कार घ्या: 'बाबू बँड बाजा', 'फँड्री', 'नाळ', आणि आता ७१ व्या वेळी आशिष बेंडे यांचा 'आत्मपॅम्फ्लेट'. बालचित्रपट घ्या: 'म्होरक्या', 'सुमी', 'नाळ २'. आणि सामाजिक विषयांचे पुरस्कार तर घरचेच झाले होते. 'जोगवा', 'आनंदी गोपाळ', 'फनरल' सामाजिक प्रश्नांसाठी, 'पाणी' पर्यावरणासाठी, 'ताजमाल' राष्ट्रीय एकात्मतेसाठी. कमी बजेट, गावातलं किंवा निमशहरातलं खरं लोकेशन, नाटकातून आलेले नट आणि पटकथेवर घेतलेली मेहनत, या भांडवलावर असेच चित्रपट होतात. एफटीआयआय ही सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट पुण्यात आहे म्हणून मराठीला पुरस्कार मिळतात, हे सांगायची एक सवय पडली आहे. उमेश कुलकर्णी आणि 'किल्ला'चा अविनाश अरुण तिथले, हे खरं. पण ताम्हाणे तिथला नाही, नागराज मंजुळे नाही, आणि सुमित्रा भावे तर समाजशास्त्राच्या संशोधनातून सिनेमात आल्या.

म्हणूनच ७० व्या पुरस्कारांपासून झालेले बदल मराठी निर्मात्यांनी नीट वाचायला हवे होते. चर्चा झाली ती पुरस्कारांच्या नावांतून इंदिरा गांधी आणि नर्गिस दत्त ही नावं काढल्याची. त्या गडबडीत कामाचा बदल नजरेआड झाला. राष्ट्रीय एकात्मता, सामाजिक प्रश्न, पर्यावरण, हे जे वेगवेगळे विभाग होते ते एकत्र करून राष्ट्रीय, सामाजिक आणि पर्यावरणीय मूल्यं जपणाऱ्या चित्रपटाचा एकच पुरस्कार केला गेला. ६७ व्या वेळी 'आनंदी गोपाळ' आणि 'ताजमाल' दोघांनाही जागा होती. नव्या नियमात त्यातल्या एकालाच मिळाली असती. ७० व्या वेळी तो एकत्रित पुरस्कार गुजराती 'कच्छ एक्सप्रेस'ला गेला, ७१ व्या वेळी हिंदी 'सॅम बहादूर'ला. सामाजिक विषयाचा छोटा मराठी चित्रपट आता युद्धपटाशी एकाच रांगेत उभा राहतो. दुसरीकडे, पदार्पणाच्या पुरस्काराची रक्कम पूर्वी निर्माता आणि दिग्दर्शकात विभागली जायची, ती आता पूर्ण दिग्दर्शकाला मिळते. ते चांगलं झालं. रक्कमही वाढली: सुवर्णकमळाला ३ लाख, रजतकमळाला २ लाख.

माझ्या खात्यातला बदल मात्र मला अजून रुचलेला नाही. ध्वनीचा पुरस्कार आधी तिघांना असायचा: लोकेशनवर आवाज ध्वनिमुद्रित करणारा, साऊंड डिझायनर आणि अंतिम मिक्स करणारा. आता फक्त साऊंड डिझायनरला. यामागचं कारण कळण्यासारखं आहे. ६८ व्या वेळी कन्नड 'डोळ्ळू'ला लोकेशन साऊंडचा पुरस्कार दिला गेला आणि त्या चित्रपटाच्या साऊंड डिझायनरनेच जाहीर सांगितलं की चित्रपट सिंक साऊंडवर (चित्रीकरणाच्या वेळीच घेतलेल्या आवाजावर) नाही, डब केलेला आहे. ऑस्करविजेते ध्वनितज्ज्ञ रसूल पुकुट्टी यांच्यासारख्या माणसानेही त्यावर जाहीर बोट ठेवलं. त्याच वर्षी 'मी वसंतराव'च्या साऊंड डिझाइनसाठी अनमोल भावेला पुरस्कार मिळाला होता, आणि तो रास्त होता. डब आणि सिंक यातला फरक ज्युरीत बसलेल्या एकाही कानाला कळला नाही, हा दोष ज्युरीच्या रचनेचा. त्यावर उपाय म्हणून ऊन्हातान्हात बूम (लांब दांडीवरचा माइक) धरून उभ्या राहणाऱ्या माणसाचा विभागच बंद करणं, हे मला पटत नाही. असो.

आता पदरात काय पडतं. रोख रक्कम चित्रपटाच्या खर्चापुढे किरकोळ. खरी किंमत असते ती दोन गोष्टींना: पोस्टरवर येणारं ते कमळ, आणि बातमीचा तो एक आठवडा. आणि इथेच सेन्सॉरची तारीख पुन्हा आडवी येते.

दहा वर्षांपूर्वीचं वेळापत्रक आठवा. ६२ वे पुरस्कार २०१४ सालचे, जाहीर झाले २४ मार्च २०१५ ला, वितरण ३ मे रोजी. १९१३ मध्ये याच तारखेला 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला म्हणून ही तारीख धरायचे. 'कोर्ट'ला सुवर्णकमळ जाहीर झालं आणि तीन-साडेतीन आठवड्यांत, १७ एप्रिलला, चित्रपट थिएटरात आला. व्हेनिस महोत्सवाचे पुरस्कार आधीच मिळाले होते, पण नागपूर-नाशिकच्या थिएटरमालकाला व्हेनिसपेक्षा दिल्लीची बातमी जास्त कळते. 'कासव'चंही तसंच. एप्रिल २०१७ मध्ये पुरस्कार, ऑक्टोबरमध्ये प्रदर्शन. नैराश्यावरच्या, संथ लयीच्या चित्रपटाला त्या कमळाशिवाय पडदे मिळणं अवघड होतं. 'धग'ने मार्च २०१३ मध्ये उषा जाधवला अभिनेत्रीचा आणि शिवाजी लोटन पाटील यांना दिग्दर्शनाचा पुरस्कार मिळवून दिला, आणि तरी तो थिएटरात यायला २०१४ चा मार्च उजाडला. म्हणजे कमळ मिळालं की वितरक दारात उभा राहतो, असंही नाही.

गेल्या काही वर्षांत हे गणित पार बिघडलं. ६६ वे पुरस्कार लोकसभा निवडणुकीमुळे लांबून ऑगस्ट २०१९ मध्ये जाहीर झाले. मग कोविड आला, २०१९ सालचे पुरस्कार मार्च २०२१ मध्ये जाहीर झाले, आणि तेव्हापासून गाडी मागेच आहे. २०२३ चे पुरस्कार ऑगस्ट २०२५ मध्ये, वितरण २३ सप्टेंबरला विज्ञान भवनात. वर्ष संपल्यापासून निकालापर्यंत दीड वर्ष! एवढा काळ निर्माता थांबू शकत नाही. त्याचं कर्ज चालू असतं. तो चित्रपट लावतो, दोन आठवड्यांत उतरतो, ओटीटीला देऊन टाकतो, आणि मग पुरस्कार येतो. 'वाळवी'ला पुरस्कार आला तेव्हा चित्रपट लागून दीड वर्ष झालं होतं. सुदैवाने तो आधीच चालला होता. 'गोष्ट एका पैठणीची' हा अलीकडचा अपवाद: जुलै २०२२ मध्ये पुरस्कार आणि डिसेंबरात प्रदर्शन, तेही 'राष्ट्रीय पुरस्कार विजेता' अशी जाहिरात करून. पण २०२० चा चित्रपट दोन वर्षं कपाटात ठेवणं कोविडमुळे सगळ्यांनाच भाग होतं, ती काही योजना नव्हती. आणि 'पाणी'ची गोष्ट याच्या पलीकडची. पुरस्कार २०१९ मध्ये, प्रदर्शन १८ ऑक्टोबर २०२४ ला.

म्हणून तुमच्या चित्रपटाबद्दल स्पष्ट सांगतो. राष्ट्रीय पुरस्काराच्या आशेवर प्रदर्शन लांबवू नका. आठ-दहा वर्षांपूर्वी हाच सल्ला मी उलटा दिला असता. चित्रपट तयार असेल तर लावा, पुरस्कार मागाहून आला तर ओटीटीच्या करारात आणि पुढच्या चित्रपटाच्या निर्मात्यासमोर उपयोगी पडेल. ओटीटीशी बोलताना एक कलम जरूर घाला: राष्ट्रीय पुरस्कार मिळाल्यास वाढीव रक्कम. सगळे मान्य करत नाहीत, पण विचारायला पैसे पडत नाहीत. आणि डिसेंबरच्या घाईत अर्धवट मिक्स सेन्सॉरला दाखवण्यापेक्षा जानेवारीत नीट दाखवा. वर्ष पुढे गेलं तर बिघडत नाही, समोर कोणते चित्रपट येणार हे तसंही कुणाला माहीत नसतं.

आता थोडं सोहळ्याबद्दल. विज्ञान भवनात राष्ट्रपतींच्या हस्ते पुरस्कार, हे या पुरस्काराचं खरं वजन. २०१८ मध्ये तत्कालीन राष्ट्रपतींनी फक्त अकरा पुरस्कार द्यायचे आणि बाकीचे मंत्र्यांनी, असं ऐनवेळी ठरलं तेव्हा पन्नासहून अधिक विजेते सोहळ्याला गेलेच नाहीत. बाहेरच्यांना तो रुसवा वाटला. पण संकलक, ध्वनिमुद्रक, वेशभूषाकार यांना आयुष्यात एकदा मिळणारा तो क्षण असतो, तारे-तारकांना नंतरही व्यासपीठं मिळतात. न जाणाऱ्यांची बाजू मला तेव्हाही योग्य वाटली होती.

आता तयारीचं. इंग्रजी सबटायटलवर पैसे वाचवू नका. केंद्रीय समितीत तमिळ, बंगाली, मल्याळम बोलणारी माणसं असतात, त्यांच्यासाठी तुमचा चित्रपट म्हणजे तुमची सबटायटलं. 'देऊळ'च्या संवादांना पुरस्कार मिळाला, 'अस्तु'च्या संवादांना मिळाला, तो मराठी न कळणाऱ्यांनीही मान्य केला तो कशाच्या जोरावर, याचा विचार करा. बोलीतला विनोद सरळ इंग्रजीत उतरत नाही, आणि घाईत केलेलं भाषांतर पात्राला मूर्ख बनवतं. चित्रपट लिहिणाऱ्याला भाषांतरकाराशेजारी दोन दिवस बसवा. ओळी लहान ठेवा, वाचायला वेळ द्या, आणि कथानक माहीत नसलेल्या एखाद्या अमराठी मित्राला आवाज बंद करून एकदा दाखवा.

आणि श्रेयनामावली. पुरस्कार व्यक्तीला मिळतो आणि प्रवेशिकेतलं नाव पडद्यावरच्या नावाशी जुळायला हवं. पार्श्वसंगीत वेगळ्या माणसाने केलं असेल तर तसं लिहा, मिक्स कुणी केलं ते लिहा, कला दिग्दर्शकाचं नाव 'सेट डिझाइन' म्हणून ढकलू नका. सहा महिन्यांपूर्वी भांडून गेलेल्या सहायकाचं नाव काढून टाकायचा मोह होतो, तो आवरा. सेन्सॉरला गेलेल्या कॉपीत जी नावं आहेत तीच पुढे सगळीकडे धरली जातात, त्यामुळे हे काम सेन्सॉरच्या आधीच, पडद्यावरची श्रेयनामावली तयार करणाऱ्याकडे बसून एकदा पुरं करा.